मागच्या सीटवर बसून निवडलेली सेडान

आतेभावाचा फोन आला तेव्हा त्याने कुठल्याच गाडीचं नाव घेतलं नाही. "ताई, आता गाडी चालवायची मजा विसरायची का?" एवढंच विचारलं. आवाज खरोखर खट्टू झालेला होता, म्हणून मी ते मनावर घेतलं. पुढचे सात आठवडे तो, त्याची बायको आणि मी एका सेडानच्या मागे होतो. त्या काळात आम्ही काय मोजलं, माझं कुठे चुकलं आणि निर्णय शेवटी कशावर आला, ते इथे मांडते. घरच्या सोयीची गाडी घेताना मन मारावंच लागतं असं मानणारे बरेच जण मला भेटतात. हे प्रकरण मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

घरची गरज

त्याच्याकडे अकरा वर्षं एक छोटी हॅचबॅक होती. वजन जेमतेम टनभर, हाताने बदलायचे पाच गिअर, इंजिन साधंच. पण वळणावर हात फिरवला की गाडी लगेच वळायची आणि पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते तळहाताला कळायचं. त्याची गाडीची आवड त्याच गाडीवर वाढली.

दरम्यान घर वाढलं. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटं बाळ आठ महिन्यांचं. आत्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला, त्यामुळे तिला वॉकर लागतो आणि पाय पूर्ण दुमडत नाही. पाच माणसं, बाळगाडी आणि वॉकर हे सगळं जुन्या गाडीत एका वेळी मावेना.

भाऊ आणि त्याची बायको, दोघांनी आपापल्या याद्या केल्या होत्या. त्याच्या यादीत अश्वशक्ती, शून्य ते शंभरचा वेळ आणि मागच्या चाकांना ताकद देणारी रचना. तिच्या यादीत डिकी, मागची जागा, ऑटोमॅटिक गिअर आणि सुरक्षा. दोन्ही याद्या मी बाजूला ठेवायला लावल्या आणि दोन आठवडे रोजची नोंद करायला सांगितली: कोण चालवतं, कुठे, गाडीत कोण कोण असतं, रस्ता कसा असतो.

नोंद वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती आम्हा कुणालाच नीट माहीत नव्हती. गाडी जास्त वेळ तिच्या हातात असायची. मुलीची शाळा, आत्याचे व्यायामोपचार, कामावरची ये-जा, सगळं तीच करत होती, आणि त्यातलं बरंचसं गर्दीत, थांबत थांबत. त्याच्या वाट्याला शनिवार-रविवार आणि महिन्यातून एकदा १८० किलोमीटरचा प्रवास यायचा, ज्यात ३० किलोमीटरचा घाट होता. "चालवायची मजा" म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर असायचा तो हाच घाट. आणि त्या घाटात गाडीत नेहमी पाचही जण असायचे.

म्हणजे त्याला मजा हवी होती ती भरल्या गाडीत, मागे बाळ झोपलेलं असताना, ताशी ३० ते ७० किलोमीटरच्या वेगात. एवढं लक्षात आल्यावर प्रश्न निम्मा सुटला असं मला वाटलं. राहिलेला निम्मा बराच अवघड निघाला.

एसयूव्हीचा विचार तिने आधी मांडला होता आणि तो चुकीचा नव्हता. उंच सीटवर आत्याला बसणं सोपं पडतं. पण गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते. कल कमी करायला स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (दोन बाजूंची चाकं जोडून कल रोखणारा दांडा) कडक करावे लागतात, आणि मग एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तरी सगळी बॉडी झटक्याने हलते. उंच बसलेल्याचं डोकं त्यात जास्त झोके खातं. आत्याला घाटात मळमळतं, ही नोंद वहीत चार वेळा होती. म्हणून सेडान. इलेक्ट्रिक सेडान मला मनापासून आवडतात, जड बॅटरी तळाशी असल्याने त्यांचा गुरुत्वमध्य फार खाली असतो, पण या घरात चार्जिंगची सोय करता येणार नव्हती. तो विषय एका संध्याकाळीच मिटला.

तीन गाड्या

तीन गाड्या निवडल्या. त्यांची नावं मी सांगत नाही. मुलीने रंगावरून ठेवलेली नावं आम्ही शेवटपर्यंत वापरली, तीच इथे घेते.

करडी ही तीन वर्षं वापरलेली होती. मागची चाकं ढकलणारी, लांबीत ठेवलेलं टर्बो इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती, पुढे-मागे वजनाची जवळजवळ सारखी वाटणी. पांढरी नवी आणि तिघींत सर्वांत मोठी: पुढच्या चाकांवर चालणारी, सीव्हीटी म्हणजे ठराविक गिअर नसलेला, सलग बदलत जाणारा गिअरबॉक्स, मऊ सस्पेन्शन, कागदावर सर्वांत मोठी डिकी. निळी मधली. साधं, टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन, १५० अश्वशक्ती, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, वजन १,३५० किलो.

भाऊ म्हणाला, "ताई, मजेची गाडी आणि घरची गाडी या दोन वेगळ्या जातीच आहेत. निळी म्हणजे धड ना हे, धड ना ते." हे मला पटत नाही, आणि इतिहासही वेगळं सांगतो. अल्फा रोमिओने १९५० मध्ये १९०० नावाची चार दारांची सेडान आणली. स्वतंत्र सांगाडा नसलेली, असेंब्ली लाइनवर तयार झालेली ही त्यांची पहिली गाडी, आणि तिची जाहिरातच अशी होती की ही शर्यती जिंकणारी कौटुंबिक गाडी आहे. बीएमडब्ल्यूने १९६१ मध्ये १५०० ही छोटी, चपळ सेडान दाखवली आणि पुढे कंपनीची ओळख त्याच वाटेवर घडली. डॅटसन ५१० तर १९६७ ची, सामान्य घरांसाठी केलेली; तरी तिच्या सेडानमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन होतं. सेडान खाली बसलेली असते, हलकी ठेवता येते, आणि डिकी वेगळी असल्याने बॉडीचा मागचा भाग मजबूत करणं सोपं जातं. चांगली चालण्याचे गुण या आकारातच आहेत. ते कुठे जपलेत आणि कुठे घालवलेत, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

आधी मागे, मग पुढे

नियम मी घातला. प्रत्येक गाडीत आधी सगळ्यांनी मागे बसायचं, चालवायचं नंतर. भावाला हे रुचलं नाही, पण त्याने ऐकलं.

बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते. मुलांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमात ती किमान १५ महिन्यांपर्यंत तशीच ठेवायला सांगितली आहे, आणि आमचा बेत त्याहून जास्त काळ ठेवण्याचा होता. अशी सीट लांबीत फार जागा खाते. तिच्या पुढची सीट पुढे सरकवावीच लागते. इथे आमचा पेच असा होता की पुढे डावी-उजवीकडे कुणालाच पुढे सरकणं परवडत नव्हतं: भाऊ सहा फुटांचा, आणि शेजारी आत्या, जिचा पाय लांब करूनच ठेवावा लागतो. मधल्या जागेत आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट गाडीला थेट अडकवायचे, हूक तिन्ही गाड्यांत नव्हते.

आम्ही घरची सीट घेऊनच गेलो आणि हुकात बसवून पाहिली. करडीत आत्याचा गुडघा डॅशबोर्डला लागला. दुसऱ्या बाजूने बसवली तर भावाची कोपरं स्टिअरिंगशी अवघडून राहिली. शिवाय मागे मधोमध उंच बोगदा. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा त्यातून जातो, तो काढून टाकता येत नाही. भावाच्या बायकोला बाळ आणि मुलगी यांच्या मध्ये बसावं लागतं, म्हणजे तिचे दोन पाय त्या बोगद्याच्या दोन बाजूंना. लांबीत ठेवलेलं इंजिन बॉनेटखाली जास्त लांबी घेतं, म्हणून बाहेरून मोठी दिसणारी ती गाडी आतून आखूड होती. वजनाची जी सुंदर वाटणी भावाला भुरळ घालत होती, तिची किंमत मागच्या सीटने मोजलेली होती. हे त्याने स्वतः मागे बसून पाहिलं, म्हणून मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

पांढरीत सगळं आरामात बसलं. निळीत बाळाची सीट आणि आत्याच्या सीटची पाठ यांत तीन बोटांचं अंतर उरलं. पुरेसं, पण फक्त पुरेसं.

आत्यासाठी आम्ही टेपने जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजली. निळीची ५१ सेंटिमीटर भरली, पांढरीची ५०, करडीची ४७. आकडे बघून आत्याला काही वाटलं नाही. ती प्रत्येकीत तीन वेळा बसली-उठली आणि म्हणाली, "निळीत दाराचा खांब हाताला बरोबर येतो." दार किती उघडतं, उंबरा किती रुंद, हात कुठे टेकतो यावर बसणं-उठणं अवलंबून असतं, आणि हे तिच्याशिवाय आम्हाला कुणीच सांगितलं नसतं.

डिकीचं प्रकरण मला सर्वांत शिकवून गेलं. कागदावर पांढरीची डिकी बरीच मोठी होती. पण डिकीचे लिटर अनेक ठिकाणी २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड अशा एकेक लिटरच्या ठोकळ्यांनी मोजतात. ठोकळा कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, बाळगाडी शिरत नाही. पांढरीत झाकणाच्या बिजागरीचे वाकडे दांडे बंद होताना आत येत होते आणि बाळगाडीच्या चाकावर टेकत होते. निळीचं झाकण बाहेरच्या बाजूने दोन सांध्यांवर उघडायचं, तोंड रुंद होतं, आणि बाळगाडी, वॉकर व दोन बॅगा एकदम ठेवल्यावर वर एक पिशवीही बसली. पांढरीत वॉकर आडवा घालायला बाळगाडीचं चाक काढावं लागलं. लिटर जास्त असूनही.

चाकामागे

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा दहा मिनिटांची, गुळगुळीत रस्त्यावरची आणि रिकाम्या गाडीतली असते. तिच्यावरून काहीच ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही तासभराची वेळ मागितली आणि पाच जण जागा बदलत बसलो. भरल्या गाडीचा हिशेब वेगळाच होतो. निळीचं उदाहरण घ्या: रिकाम्या गाडीत टनामागे १११ अश्वशक्ती, पाच माणसं आणि सामान मिळून ३३० किलो चढवले की ती ८९ वर येते. मागचे स्प्रिंग दबतात, शॉकअब्सॉर्बरला जास्त काम पडतं, ब्रेक दाबताना पाय थोडा खोल जातो. रिकामी असताना चपळ वाटलेली गाडी भरल्यावर ढिली पडू शकते, आणि या घरात ती मजेच्या दिवशी नेहमी भरलेलीच असणार होती.

चाचण्या साध्या होत्या. एक ओळखीचा खराब रस्ता, ताशी ४० च्या वेगाने. एका उंचवट्यावरून गेल्यावर बॉडी किती वेळा वर-खाली होते ते मागे बसून मोजायचं. चांगल्या गाडीत ती एकदा वर जाते, खाली येते आणि तिथेच थांबते. स्प्रिंगवरची बॉडी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, चाक मात्र सेकंदाला दहा-बारा वेळा उड्या मारू पाहतं, आणि एकाच शॉकअब्सॉर्बरला दोन्ही आवरायचं असतं. नुसता कडक केला तर झुलणं थांबतं पण चाकाचा प्रत्येक धक्का आत येतो. नुसता मऊ ठेवला तर बोटीत बसल्यासारखं होतं. मळमळ होते ती या संथ, लांब हेलकाव्यांनी. सेकंदाला एका झोक्यापेक्षाही सावकाश हालचाल माणसाच्या पोटाला सर्वांत जास्त त्रास देते.

पांढरी नेमकी इथे मागे पडली. लहान खड्डे तिने छान गिळले, पण उंचवट्यानंतर ती दोन-तीन वेळा डोलत राहायची आणि घाटात कलायची. आत्याने चौथ्या वळणाला खिडकी उघडायला लावली. भाऊ पुढे बसून म्हणत होता की स्टिअरिंगमध्ये काही कळत नाही, आणि मागे आत्या म्हणत होती की पोटात ढवळतंय. दोघांची तक्रार एकाच गोष्टीची होती: बॉडी उशिरा कलते, जास्त कलते आणि उशिरा थांबते. चालकाला त्यामुळे गाडीचा अंदाज येत नाही आणि मागच्याला तोल सावरता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण तोच होता.

तेव्हा मी भावाला एक हिशेब करून दाखवला. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० ने घेतलं तर अंगावर येणारा बाजूचा ओढा आपल्या वजनाच्या सुमारे ०.४२ पट असतो. १२० मीटर त्रिज्येचं मोठं वळण ताशी ८० ने घेतलं तरी तो तेवढाच. म्हणजे जे अंगाला जाणवतं त्यासाठी मोठा वेग लागतच नाही, आणि छोट्या वळणावर ४० चा वेग ३० वर आणला की तोच ओढा ०.२४ वर येतो. घाटात घरच्यांना घेऊन जाताना वेग कमीच ठेवायचा असतो. उरतं ते हे की ओढा कसा वाढतो आणि कसा ओसरतो. हात सावकाश फिरवला, वळणाच्या आधीच ब्रेक सोडला आणि गाडीने लगेच पण हळुवार वळण धरलं, तर चालकाला ते नीट बसवल्याचं समाधान मिळतं आणि मागे झोपलेलं बाळ जागं होत नाही. माझ्यासाठी गाडी चालवण्यातला खरा आनंद हाच आहे, आणि तो भरल्या गाडीतच जास्त मिळतो.

करडी चालवली नाही असं नाही. भावाला तिचा निरोप घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघंच गेलो. गाडी अप्रतिम होती. ताकद मागच्या चाकांना जात असल्याने पुढची चाकं फक्त वळण्याचं काम करतात, स्टिअरिंगवर इंजिनची ओढ येत नाही. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी मागून ढकलल्यासारखी सरळ होते. हे खरं सुख आहे आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ते तसंच्या तसं देत नाही. परत आल्यावर त्याने किल्ली दिली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

एकच गाडी, दोन चाकं

निळी दोन प्रकारांत मिळत होती. वरच्या प्रकारात १८ इंची रिम, २२५/४० टायर, मोठा स्क्रीन, कडक सीटा. खालच्यात १६ इंची रिम, २०५/५५ टायर. मी भावाला आधी वरचाच दाखवला, कारण मोठं चाक म्हणजे चांगली पकड असं मीही गृहीत धरलं होतं. ती माझी चूक.

टायरवरचे आकडे वाचता आले की हे घरबसल्या कळतं. २०५/५५ आर १६ म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद, रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. २२५/४० आर १८ मध्ये ती भिंत ९० मिलिमीटर. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखा, ६३ सेंटिमीटरच्या आसपास. फरक एवढाच की दुसऱ्यात हवा आणि रबर कमी, धातू जास्त. मोठी रिम बहुधा जड असते, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्याने शॉकअब्सॉर्बरला ते आवरणं कठीण जातं.

वरच्या प्रकाराची निळी गुळगुळीत रस्त्यावर नेमकी होती, पण खराब रस्त्यावर मागून खडखड आत येत होती आणि तुटक्या डांबराच्या वळणावर मागचं चाक किंचित उडी मारून बाजूला सरकत होतं. भाऊ म्हणाला, "हीच गाडी, पण रस्ता सोडते." मी तेव्हा वहीत निळीवर जवळजवळ काट मारली होती. त्याच्या बायकोने आग्रह धरला म्हणून खालचा प्रकार चालवला. "स्क्रीन छोटा असला तरी चालेल ताई, तुम्ही एकदा त्या वळणावरून न्या," ती म्हणाली.

त्याच वळणावर खालच्या प्रकाराच्या टायरने तुटकं डांबर गिळलं आणि गाडी ओळ सोडून हलली नाही. वळायला सुरुवात कणभर उशिरा होत होती, हे खरं. रबराची उंच भिंत आधी थोडी वाकते. पण त्या वाकण्यातूनच टायर किती ताणला गेलाय ते हाताला आधी कळत होतं. पकड थोडी कमी, पण ती संपत आल्याची सूचना स्पष्ट. ताशी ५० च्या घाटात मला दुसरी गोष्ट जास्त हवी असते. आत्या मागे बसली होती, तिने या फेरीत खिडकीला हात लावला नाही.

भावाचा आणखी एक हट्ट होता की मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरणारी रचना) असेल तरच गाडी चांगली. निळीत ते होतं, पण नसतं तरी मी गाडी नाकारली नसती. मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच पिळली जाणारी तुळई) असलेल्या रेनॉ मेगानच्या खास आवृत्त्यांनी जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर पुढच्या चाकांच्या गाड्यांचा विक्रम २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये केला. माझदाने आपली ३ ही गाडी २०१९ च्या पिढीत मल्टिलिंकवरून टॉर्शन बीमवर नेली. रचनेचं नाव बघून नव्हे, ती किती नीट बसवली आहे ते त्या उंचवट्यावर बघून ठरवायचं. त्याच माझदाने २०१६ मध्ये आणलेली जी-व्हेक्टरिंग ही सोय मला या बाबतीत फार शहाणी वाटते: चालकाने स्टिअरिंग फिरवायला घेतलं की इंजिनची ओढ कणभर कमी होते, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि गाडी सहज वळते. अश्वशक्ती एकानेही न वाढवता चालक आणि प्रवासी दोघांचंही काम सोपं होतं.

क्लचचा प्रश्न

एका गोष्टीत मात्र त्याला खरोखर सोडून द्यावं लागलं. त्याला हाताचे गिअर हवे होते. निळीत ते मिळतही होते. पण नोंदवही समोर होती: दिवसभर गर्दीत गाडी तिच्या हातात, आणि क्लच दाबून दाबून तिचा डावा पाय संध्याकाळी भरून येतो. मी तिच्या बाजूने बोलले.

पांढरीतल्या सीव्हीटीची तिला हरकत नव्हती. तो गर्दीत फारच मऊ चालतो आणि पेट्रोल वाचवतो. पण घाटात पाय दाबला की इंजिनचा आवाज आधी चढायचा आणि वेग नंतर, त्यामुळे पाय आणि गाडी यांतला संबंध तुटल्यासारखा वाटायचा. निळीत टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक होता. दुसऱ्या गिअरपासून वर तो इंजिनशी घट्ट जोडलेला राहायचा, आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी उतारावर दुसरा गिअर धरून ठेवता येत होता. इंजिनला टर्बो नसल्याने पाय जेवढा दाबावा तेवढीच आणि लगेच ओढ मिळायची. ताशी ४० वरून ७० ला जायला ती करडीपेक्षा बराच जास्त वेळ घेते. पण किती वेळ घेईल ते आधी कळतं.

हे क्लचच्या बरोबरीचं आहे असं मी म्हणणार नाही. टाच-बोटाने, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि अॅक्सिलरेटर सांभाळत, गिअर उतरवून वळणात शिरण्यात जे आहे ते पट्टी ओढून मिळत नाही. त्याने ते सोडलं ते जाणून-बुजून, आणि त्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला विचारलं, "नक्की ना? नंतर वाईट वाटेल का?" तो म्हणाला, "वाटेल. पण तुझा पाय दुखतो त्याचं जास्त वाटतं."

खालच्या प्रकाराची निळी घेतली. वरच्या प्रकारापेक्षा वाचलेले पैसे त्यांनी बाजूला ठेवले, पुढच्या टायरसाठी. अपघात-चाचणीचे गुण दोन्ही प्रकारांना सारखेच होते, एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दोन्हींत पूर्ण होते. ते आम्ही पहिल्याच दिवशी तपासून घेतलं होतं, कारण त्यात उणीव निघती तर पुढचं काहीच केलं नसतं.

आठ महिन्यांनंतर

दोन गोष्टी आम्हाला आधी कळल्या नव्हत्या. पहिली, टायरमधली हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पहिले दोन घाटप्रवास भावाने कमी हवेवर केले आणि मला सांगितलं की मागचा भाग सैल वाटतो. भरल्या गाडीचा आकडा मागच्या टायरला दिल्यावर ती तक्रार गेली. आता निघायच्या आदल्या संध्याकाळी थंड टायरवर तो स्वतः हवा बघतो, आणि परत आल्यावर ती पुन्हा कमी करतो. त्याला हे काम आवडायला लागलंय.

दुसरी, मागच्या सीटचा मधला भाग. भावाच्या बायकोला तिथे तासाभराने पाठ अवघडते. दोन बाजूंच्या सीटा घडवलेल्या आहेत आणि मधला भाग फुगीर. टेस्ट ड्राइव्हच्या तासात ती बराच वेळ पुढे होती, त्यामुळे आमच्या नजरेतून हे सुटलं. मुलगी आता मध्ये बसते, तिची बूस्टर सीट अरुंद घेतली आहे, आणि बाळाच्या सीटशेजारच्या पट्ट्याचं बक्कल लावायला हात आत घालावा लागतो. हे अजून पूर्ण सुटलेलं नाही.

चालवतं कोण, यात मात्र बदल झाला. घाटातला परतीचा प्रवास आता तीच करते. पहिल्यांदा तिने चालवली तेव्हा भाऊ मागे मुलांच्या शेजारी बसला आणि उतरल्यावर म्हणाला की चौथ्या वळणाला तिने ब्रेक त्याच्यापेक्षा लवकर सोडला, म्हणून गाडी जास्त शांत गेली. तेव्हापासून कुठल्या वळणाला कुठे ब्रेक सोडायचा यावर दोघांत चर्चा चालते. मला फोनवर दोन्ही बाजू ऐकायला मिळतात.

सध्याचा वाद टायरचा आहे. पुढचे टायर झिजत आलेत, खोली कायद्यातल्या १.६ मिलिमीटरच्या किमान मर्यादेपेक्षा बरीच जास्त आहे, पण दोघांनाही पावसाळ्याआधी बदलायचे आहेत. त्याला जास्त पकडीचे, मऊ रबराचे हवेत. तिला ओल्या रस्त्यावर चांगले आणि जास्त काळ टिकणारे हवेत. आकार २०५/५५ आर १६ च ठेवायचा यावर मात्र दोघांचं एकमत आहे. येत्या रविवारी मी दोन जोड्यांचे ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचे गुण काढून घेऊन जाणार आहे.